न बसवलेला पट्टा

सत्यवान मेस्त्री गाडीखाली शिरताना आधी चप्पल काढून बाजूला ठेवतो. नव्या माणसाला वाटतं, हा मोठा भाविक असणार. मी एकदा विचारलं, तर म्हणाला, "नाना, पाय भायर रवतत. चप्पल दिसली की लोक हाक मारतत. उघडे पाय दिसले की समजतत, माणूस कामात आसा." हे कारण मला अजून पटलेलं नाही. त्याची बरीचशी कारणं अशीच असतात. काम मात्र असं, की गाडी मोडीत निघाली तरी त्याने बसवलेली सीट हलत नाही.

कट्टा गावाच्या बाजारातून मालवणच्या रस्त्याला लागलं की डाव्या हाताला एक फणस आणि त्याच्या आडोशाला पत्र्याची शेड आहे. तिथे तो गाड्यांच्या सीटा करतो. बाहेर पाटी नाही. एका जुन्या जीपची सीट झाडाच्या बुंध्याला टेकवून ठेवली आहे, तीच पाटी आणि तीच माझी बसायची जागा. माझं घर रस्त्यापलीकडे. नाटकातलं रंगकाम सुटून वीस वर्षं झाली, पण ज्याला जन्मभर समोर माणसं लागली त्याने कुठेतरी जाऊन बसायलाच हवं.

आमची ओळख त्या रंगकामातलीच. सत्यवान एकोणीस वर्षांचा असताना आमच्या दशावतारी कंपनीत आला. मी बायकांची कामं करत असे, राण्या आणि देव्या. त्याला नटायची हौस नव्हती. तो मुकुट सांधायचा, कमरपट्टे करायचा. पुठ्ठा, सोनेरी कागद, आरशाचे तुकडे. गॅसबत्तीच्या उजेडात ते असं झळकत, की पुढच्या रांगेतल्या बायका माझ्या पट्ट्याचं वजन किती तोळे असेल यावर वाद घालत. एकदा मी पाहिलं, तो पुठ्ठ्याच्या दोन थरांमध्ये सुताची जाड दोरी शिवत होता.

मी म्हटलं, "अरे, ही दोरी कोणाक दिसतली?"

"तुमी नाचताना पट्टो तुटलो तर लुगडा सुटतला," तो म्हणाला. "मगे सगळ्यांक दिसतला."

हा त्याचा स्वभाव. वरून काहीही असो, आत दोरी पाहिजे.

पुढे तो कणकवलीला एका कुशनवाल्याकडे राहिला. काथ्या भरणं, स्प्रिंगा बांधणं, रेक्झिन शिवणं शिकला आणि कट्ट्याला शेड टाकली. गेल्या काही वर्षांत त्याच्याकडे वेगळंच गिऱ्हाईक येऊ लागलं. मुंबईत नोकरी करणारी मंडळी गावातली बापाची जुनी छोटी गाडी बाहेर काढतात, रंग देतात, आणि त्यांना तिच्यात हल्लीच्या सीटा आणि सीटबेल्ट हवे असतात. त्या जुन्या गाड्यांत पुढे एकच सलग बाकडं असतं, मान टेकायला उशी नाही, पट्टा तर नाहीच.

सत्यवानाचं म्हणणं साधं आहे. पट्टा माणसाला धरतो, पण पट्ट्याला कोण धरणार? बोल्ट. बोल्टाला कोण धरणार? पत्रा. तेव्हा आधी पत्रा बघायचा. तो गाडीखाली जातो आणि लहान हातोडीने सगळं बूड वाजवत फिरतो. चांगला पत्रा 'टण' म्हणतो. मग पत्र्याच्या खालून तळहाताएवढी, जाड लोखंडी पट्टी लावून बोल्ट कसायचा, म्हणजे ताण एका भोकावर न येता पसरतो. पट्ट्याचं वरचं टोक दोन दारांमधल्या खांबाला. पट्टे नवेच. आपटलेल्या गाडीतून काढलेला पट्टा तो हातात धरत नाही, म्हणतो, एकदा ताणला गेलेला पट्टा दुसऱ्यांदा भरवशाचा नाही. आणि सगळं झालं की परीक्षा. इंजिन उचलायची साखळी फणसाच्या फांदीवरून घेऊन पट्ट्यात अडकवायची आणि फांदी करकरेपर्यंत ओढायची. पट्टा टिकला तरच गाडी शेडबाहेर.

मागच्या दिवाळीत जितेंद्र परब आला होता. मूळचा चौक्याचा, मुंबईत असतो. त्याची गाडी छोटी आणि छान रंगवलेली.

"मेस्त्रीनू, पोलीस अडयतत म्हणान पट्टो व्हयो," तो म्हणाला. "लय मजबूत नसलो तरी चलात. दिसलो म्हणजे झाला."

"दिसाक व्हयो? मगे शर्टार काळ्या रंगान काढून घी. धुतलंस तरी जावचो नाय."

"मस्करी करू नकात."

"मस्करी तू करतंस." सत्यवानाने पायाखालचं रबर उचललं आणि पत्र्यावर अंगठा दाबला. पापड मोडावा तसा तुकडा खाली पडला. "ह्येका पट्टो बांधून तू खंय आपाटलंस, तर तू, पट्टो आणि सीट एकदम काचेतसून भायर जातलास. वाटेत सोबत आसात, इतक्याच."

"मगे काय करू?"

"कोल्हापुराक ने. खालचो पत्रो सगळो नवो घालून घी, मगे ये."

"आणि नाय घातलंय तर?"

"तर हळू चलव."

जितेंद्र चिडून गेला. चहाच्या टपरीवर चार लोकांत बोलला, "घरजावय तो. सासऱ्याची फियाट चलयता आणि आमका शिकयता."

ती फियाट गावाला माहीत होती. सत्यवानाचे सासरे बाबल तांडेल, सर्जेकोटचे. तांडेल म्हणजे होडीचा मुख्य. दोन होड्या, समुद्राला लागून घर, आणि नर्मदा ही एकुलती एक मुलगी. गोव्याच्या एका डॉक्टरकडून त्यांनी ती छोटी गाडी घेतली आणि होडीसारखीच जपली. लग्नानंतर सत्यवान तिथेच राहिला. बाबल जाऊन नऊ वर्षं झाली, तरी गाडी तो चालवतो, आणि तिला अजून 'मामांची गाडी' म्हणतो.

दोन वर्षांपूर्वी नर्मदाची दोन्ही मूत्रपिंडं गेली. तेव्हापासून सोमवार, बुधवार, शुक्रवार ओरोसला डायलिसिस. सर्जेकोटहून कट्टा, कट्ट्याहून कसाल, कसालहून ओरोस. एसटीने जायचं तर बदलाबदली, आणि येताना तिला उभं राहवत नाही. रिक्षाच्या हिसक्यांनी तिला उलट्या होत. दुसरी गाडी घेण्याइतकं आजारपणाने मागे काही ठेवलं नव्हतं. राहिली फियाट.

जाताना नर्मदा ठीक असते. येताना तिच्या अंगात काही उरत नाही. पुढच्या त्या सलग बाकड्यावर ती बसते, मान पडते आणि डोळे मिटतात. जानेवारीत कसालच्या वळणावर एक म्हैस आडवी आली. सत्यवानाने ब्रेक दाबला. वेग फारसा नव्हता, पण नर्मदा झोपेत बाकड्यावरून घसरली आणि तिचा डावा हात डॅशबोर्डवर आपटला. डायलिसिसची सुई टोचण्यासाठी ऑपरेशन करून जोडलेली शीर त्याच हातात आहे. हात सुजला. शुक्रवारी ओरोसला सिस्टरने हात बघून सांगितलं, या वेळी वाचलं. ही शीर बंद पडली तर दुसरी तयार व्हायला महिने जातात, आणि तोवर सगळं कठीण होईल.

सत्यवान दुसऱ्या दिवशी शेडवर आला तो मोजपट्टी घेऊनच. मला म्हणाला, "नाना, लोकांच्या गाडयांका पट्टे बांधीत बसलंय. माझी बायल बाकड्यार सुटी."

त्याने इंजिन गेलेल्या एका नव्या छोट्या गाडीच्या दोन सीटा मिळवल्या, मान टेकायच्या उशीसकट. पट्टे कोरे मागवले. एका गुरुवारी नर्मदाला शेडवर आणलं आणि सीट जमिनीवर ठेवून तिला बसवलं. उशी वर-खाली करून तिच्या मानेला लावली. पट्टा हातात धरून खांद्यावरून कसा येईल, डाव्या हाताला कुठे लागणार नाही, ते खडूने आखलं. ती सीटवर रेलून फणसाकडे बघत होती.

"नानानू," ती म्हणाली, "तुमी राणी व्हयत होतास तेव्हा तुमका कसल्या सिंहासनार बसयत?"

"बाकड्यार. वर चादर."

"मगे मी तुमच्यापेक्षा मोठी राणी." आणि खूप दिवसांनी मोठ्याने हसली.

पुढच्या गुरुवारी तो फियाटखाली शिरला. चप्पल काढलेली, पाय बाहेर. मी माझ्या जागी. हातोडी वाजू लागली. 'टण' मला ऐकू येईना. ओल्या भिंतीवर थाप मारावी तसा आवाज. तो पुढे सरकला, परत तसाच. मग खरवडल्याचा आवाज आला, बराच वेळ. मग काहीच नाही. पाय हलायचे थांबले.

"सत्यवाना?"

"नाना, वायच ती पकड देवा."

मी पकड दिली. काहीतरी उपटल्यासारखं झालं, आणि गाडीखालून तांबडं पाणी वाहत माझ्या पायाशी आलं. माघ चालू होता. पाऊस जाऊन चार महिने झाले होते. गाडीच्या बुडातून पाणी पडत होतं, आधी धार, मग थेंब, आणि ते थांबेचना.

तो बाहेर आला तेव्हा तोंडावर गंज आणि डांबर होतं. माझ्याशेजारी जमिनीवर बसला आणि मूठ उघडली. तळहातावर कापसाची एक जाड वात होती, राळेने काळी झालेली.

गाडीच्या बुडाला कारखान्यातूनच लहान भोकं ठेवलेली असतात. खिडकीच्या रबरातून, ओल्या छत्रीतून, पायांबरोबर जे पाणी आत येतं ते निघून जावं म्हणून. दारांना खालून असतात, दाराखालच्या पोकळ चौकटीलाही असतात. सत्यवानाच्या लग्नानंतरच्या पहिल्या वैशाखात होड्या किनाऱ्यावर ओढल्या, त्यांच्या फटींत राळेत बुडवलेल्या वाती ठोकल्या, वरून डांबर दिलं. मग बाबल तांडेल तोच ब्रश घेऊन फियाटकडे वळले. वाकून बघितलं आणि भोकं दिसली.

"बुडाक भोक?" ते म्हणाले. "ह्या कोणी ठेवला?"

"कंपनीन, मामानू," सत्यवान म्हणाला. "आत इलेला पाणी भायर जावक."

"पाणी आत येवाच कित्याक?"

जन्म समुद्रावर गेलेल्या माणसाला बुडातलं भोक बघवेना. सत्यवान नवा जावई, त्यात घरजावई. त्याने वाद घातला नाही. एकेक भोक शोधून वात ठोकली, दारांची, चौकटीची, एकही सोडलं नाही, कारण काम अर्धवट करायची त्याला सवय नव्हती. बाबलनी धक्क्यावर सगळ्यांना सांगितलं, "माझो जावय बघा. एक थेंब आत येवचो नाय." सासऱ्याच्या तोंडून आलेली ती पहिली शाबासकी. त्यानंतर दर वर्षी पावसाआधी वाती तपासायच्या आणि डांबराचा हात द्यायचा. बाबल गेल्यावरही नऊ वर्षं त्याने तो नेम चुकवला नाही. पाणी आत यायचं ते येतच राहिलं, आणि खाऱ्या हवेत आतल्या आत पत्रा खात राहिलं. बाहेरून डांबराचे थर गाडीचा आकार धरून होते. मध्ये लोखंड नव्हतंच.

"सगळ्यांच्या गाडये वाजवून बघतंय," तो म्हणाला. "हीच कधी वाजवूक नाय. आपल्याच हातचा काम, तेका काय वाजयतलंय?"

 मी वात त्याच्या हातातून घेतली आणि परत त्याच्या हातात दिली.

शनिवारी कणकवलीहून ओमकार आला. वेल्डिंगमध्ये त्याच्यासारखा हात जिल्ह्यात दुसरा नाही. तो अर्धा तास गाडीखाली राहिला. बाहेर येऊन हात पुसत म्हणाला, "मेस्त्रीनू, वेल्डिंग धरूक खंय तरी घट कड व्हयी. मी पट्टी कशाक जोडू?"

"मधल्या खांबाक?"

"खांब वरसून बरो दिसता. पायात कायच नाय. चिमटो लावलंय तर आत गेलो."

"बूड कापून सगळा नवा घातला तर?"

"बूड कापला की वरची गाडी मधीच दुमडतली. सांगाडो करूक व्हयो, चार महिने धरा. आणि चार महिने वयनीक कशातसून न्हेतलास?"

सत्यवानाने मान हलवली. ओमकारने चहा घेतला, यायचे पैसे घेतले नाहीत, जाताना मला बाजूला घेऊन म्हणाला, "तेंका सांगा, कायतरी करून पट्टो बांधू नका म्हणून. तेंकाच म्हायती आसा, पण सांगा."

सत्यवानाला माहीतच होतं. तरी त्याने केलं. रविवारी सकाळी फणसाच्या लाकडाची दोन जाड फळकुटं आडवी टाकली, त्यांवर नवी सीट बसवली, बोल्ट लाकडातून आरपार घेऊन खाली लोखंडी पट्टी लावली, वरचं टोक त्या खांबाला. काम इतकं सुबक, की पाहणाऱ्याने गाडी अशीच आली असेल म्हणावं. मग हात पुसून तो थोडा वेळ उभा राहिला. मला वाटलं, या वेळी साखळी काढायचा नाही. त्याने काढली. फांदीवरून घेतली, पट्ट्यात अडकवली आणि ओढू लागला. फांदी करकरायच्या किती तरी आधी गाडीच्या पोटात काहीतरी चरचरलं. बोल्ट, फळकूट आणि डांबराचा हातभर पापुद्रा एकदमच वर आला. खांबाचा बोल्ट नुसताच सुटून खाली पडला.

त्याने साखळी गुंडाळून जागेवर ठेवली. बोल्ट परत भोकांत बसवले, पट्टा ओढून सरळ केला, रबर अंथरलं. वरून पुन्हा सगळं सुबक दिसू लागलं.

"नाना," तो म्हणाला, "तुमी घराकडे जावन नर्मदाक सांगा, काम झाला म्हणून. घट झाला म्हणून सांगा. माझा तोंड बघून तिका कळतला. तुमच्या बोलण्यार तिचो इश्वास आसा."

"आणि उद्या?"

"उद्या मी हळू चलयन. तिका निदान बरा तरी वाटात. दोन वर्सां तिका काय बरा वाटूक नाय."

या माणसाने लुगडं सुटू नये म्हणून पुठ्ठ्यात दोरी शिवली होती. त्याला नाही म्हणायला मला जमलं नाही. मी रिक्षा करून सर्जेकोटला गेलो.

नर्मदा ओसरीवर भिंतीला टेकून बसली होती, डावा हात उशीवर. शेजारी स्टीलची इवलीशी वाटी. दिवसाला पाणी किती प्यायचं ते ठरलेलं, ती त्या वाटीने मोजून पिते.

"नानानू, येवा. काम झाला?"

"झाला," मी म्हणालो. "एकदम घट. आता बिनघोर बस." आवाज बरोबर लागला होता. मधला थांबा बरोबर होता.

ती माझ्याकडे बघत राहिली. "तुमी राणयेचा काम करीत होतास तेव्हा मी समोर बसान रडलंय," ती म्हणाली. "तेव्हा तुमचे डोळे आमच्याकडे आसत. आता तुमी जमनीकडे बघून बोलतास."

मी नजर वर केली.

"नाय ना जमला?"

मग मी सगळं सांगितलं. ओमकार, फळकुटं, साखळी. पाण्याची धार आणि कापसाची वातही सांगितली. वातीचं नाव काढल्यावर तिने उजवा हात तोंडाला लावला.

"त्या वाती मियाच वळून दिलंय," ती म्हणाली. "बाबा राळ तापयत होते, मी वाती वळीत होतंय आणि ह्ये आत ठोकीत होते. तिघांनी बसान केला. किती गप्पा मारलव त्या दिवशी." थोड्या वेळाने तिने वाटीकडे बघितलं. "माझ्यापण आंगात पाणी रवता. भायर जावक वाट नाय. गाडयेचा आणि माझा दुखणा एकच, नानानू. तिची वाट आमी बुजवलव, माझी कोणी बुजवल्यान देवाक ठावक."

अंगणात पावलं वाजली. सत्यवान होता. माझ्यामागोमाग आला असावा. पायरीखालीच उभा राहिला.

"आदी नाना, मागसून तुमी," नर्मदा म्हणाली. "दोघांक मिळान एक खोटा बोलाक जमूक नाय?"

"उद्याचो दिवस लाव गो," तो म्हणाला. "बरा वाटात."

"कोणाक? माका काय तुमका?"

त्याने पायरीवर पाय ठेवला आणि परत खाली घेतला.

"पट्टो लावलास तर तुमी पन्नासान चलवतलास," ती म्हणाली. "मुद्दाम नाय. इसरान. नाय लावलास तर याद रवतली. काढून टाका तो."

त्याने मान खाली घातली. नुसत्या माना डोलावून तिने दोन वर्षं डॉक्टरांचं ऐकलं होतं, त्या दिवशी पहिल्यांदा तिचं ऐकलं गेलं असेल. मी उठलो. मला थांबवून तिने सत्यवानाला चहा करायला लावला, स्वतः घेतला नाही.

त्याच दुपारी सत्यवानाने पट्टा काढला, नवी सीटही काढली, जुनं बाकडं परत बसवलं आणि काथ्या बाहेर काढला. घट्ट करता येत नाही म्हटल्यावर तो मऊ करायला बसला. नर्मदाने आता मागे बसायचं ठरलं. संध्याकाळपर्यंत सहा उशा शिवल्या. पुढच्या बाकड्याच्या पाठीला एक जाड गादी, मागच्या सीटवर तिच्या दोन्ही बाजूंना दोन, मानेमागे एक, पायांशी एक, आणि डाव्या हातासाठी मध्ये खळगा असलेली वेगळी. मी म्हटलं, "बरा केलंस. आता कायतरी सुरक्षित आसा."

"ह्येका सुरक्षित म्हणू नकात, नाना," तो सुई न थांबवता म्हणाला. "ह्या नुसता मऊ आसा."

भोकांमधल्या उरलेल्या वातीही त्याने उपटल्या. काही उपयोग नव्हता. तरी एकेक शोधून काढली, आणि शेडच्या कोपऱ्यात एका डब्यात ठेवली. कोरे पट्टे खिळ्याला टांगले.

सोमवारपासून फियाट ताशी वीसने जाऊ लागली. पहाटेच्या अंधारातच ते सर्जेकोटहून निघतात आणि सहाच्या सुमाराला कट्ट्यावरून जातात. मागे गाड्यांची रांग लागते. टेम्पोवाले हॉर्न वाजवतात, शिव्या देतात, घासून पुढे जातात. पट्टा बांधलेला धडधाकट माणूस आपल्याला मागे टाकून जातो, त्याचं सत्यवानाला काही वाटत नाही. तो घासून जातो, त्याचं वाटतं.

एप्रिलमध्ये सुट्टीला जितेंद्र परत आला. थेट शेडसमोर गाडी लावून उतरला. "घातलंय नवो पत्रो," म्हणाला. "कोल्हापुरात दोन महिने पडान होती. आता वाजवा काय वाजवूचा ता."

सत्यवान चप्पल काढून खाली गेला. पहिल्याच ठोक्याला 'टण' झालं. त्याने दुसरा मारला नाही, थोडा थांबला. मग परत त्याच जागी एकदा मारला. मला वाटतं, तो आवाज त्याला फक्त ऐकायचा होता.

खिळ्यावरचे पट्टे आणि नर्मदासाठी आणलेल्या त्या दोन सीटा त्याने काढल्या. तळहाताएवढ्या पट्ट्या, बोल्ट, खांब. दोन दिवस काम चाललं. बुधवारी दुपारी ओरोसहून येताना त्याने नर्मदाला शेडमध्ये खाटेवर झोपवलं आणि साखळीची परीक्षा घेतली. फांदी करकरली, वाकली, फणसाची चार पानं गळून टपावर पडली. पट्टा जागचा हलला नाही.

नर्मदा उठून बसली होती. हळूहळू चालत गाडीपाशी आली.

"बसू?" तिने जितेंद्रला विचारलं.

"बसा की वयनी."

ती बसली. पट्टा खांद्यावरून घेतला. खडूने आखला होता तसाच तो आला, डाव्या हाताला न लागता. कट् करून अडकवला, मान उशीला टेकली आणि डोळे मिटले. सत्यवान हातात पाना घेऊन उभा होता.  बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "बरो बसता," आणि पट्टा सोडवून उतरली.

जितेंद्रला काही कळेना. मी त्याला फणसामागे नेऊन सांगितलं.  टपरीवर बोललेलं त्याला आठवलं असावं. मग सत्यवानाकडे जाऊन म्हणाला, "मी आयतवारापर्यंत आसंय. शुक्रवारी वयनीक मी न्हेतंय. तुमी बाजूक बसा नाय तर मागे."

शुक्रवारी सहा वाजता ती गाडी कट्ट्यावरून गेली. मी रस्त्यावर उभा होतो. नर्मदा पुढे, पट्टा लावून, मान ताठ. तिने उजवा हात वर केला. सत्यवान मागे बसला होता, आणि तिच्या सीटची पाठ त्याने दोन्ही हातांनी धरली होती. गाडी चाळीस-पन्नासच्या वेगात दिसेनाशी झाली. परत आले तेव्हा नर्मदा झोपली होती आणि झोपेतही सरळ होती.

रविवारी जितेंद्र गाडी घेऊन मुंबईला गेला. जायलाच हवं होतं, नोकरी आहे. जाताना म्हणाला, गणपतीत येईन तेव्हा परत नेतो.

सोमवारी सहाला मी फाटकापाशी आलो. फियाट वळणावर दिसली, वीसने. आत नर्मदा उशांच्या मध्ये. मागे दुधाचा टेम्पो, त्यामागे खडीचा डंपर, त्यामागे एसटी. हॉर्न चालू होते. मी रस्त्याच्या मधोमध गेलो, फियाट पुढे जाऊ दिली आणि टेम्पोसमोर हात वर करून उभा राहिलो, जसा पूर्वी एका हाताने दरबार थांबवत असे. पांढऱ्या केसांच्या म्हाताऱ्याला कोणी उडवत नाही. टेम्पोवाल्याने ब्रेक दाबला, "काय रे म्हाताऱ्या" म्हणाला, आणि थांबला. फियाट पुढच्या पुलापलीकडे जाईपर्यंत मी हात खाली घेतला नाही.

आता सोमवार, बुधवार, शुक्रवार हेच माझं काम. टेम्पोवाल्याने शिव्या देणं सोडलं आहे, तो आता हात दाखवतो. डंपरवाले रोज नवे असतात. फणसापासून पुलापर्यंत माझं चालतं. पुलाच्या पुढे कसालचं वळण आहे.